गहाण टाकलेल्या घराची सोडवणूक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रविवार पेठेतल्या पेढ्यांवर अजूनही नव्या वहीची पूजा होते. हिशेब आता संगणकावर गेला, तरी लाल कापडाची एक वही विकत आणायची, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढायचे, आणि पहिले पान कोरे ठेवून हात जोडायचे, हा रिवाज व्यापाऱ्यांनी सोडलेला नाही. त्या वहीला दोन बाजू असतात. एक जमेची आणि एक नावेची. पूजा दोन्ही बाजूंची होते. कर्ज ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांनी कितीही वाईट म्हणून सांगितली असली, तरी लक्ष्मीच्या पाटावर तिला जागा आहे, हे या वहीवरून दिसते.

ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु हल्ली पुण्यात एक निराळाच प्रश्न कानावर येतो. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, सोसायटीच्या सभेनंतरच्या चहात येतो. कोणी निवृत्तीचा फंड आणि गावाकडची जमीन विकून आलेले पैसे एकत्र करून, एक पैचे कर्ज न काढता, भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेतो. सहा महिने जातात. मग त्याच्या लक्षात येते की सारा पैसा विटांत जाऊन बसला. हातात काही उरले नाही. तेव्हा तो विचारतो, "मास्तर, घर तर आपलेच आहे. त्याच्यावरच कर्ज काढून पैसा मोकळा करून घेतला तर काय बिघडले?"

पुष्कळांना वाटते की ही युक्ती अमेरिकेतून आली. तिकडे तिला रीतसर नियम आहेत, हे खरे. घर रोखीने घेऊन सहा महिने व्हायच्या आतच त्यावर कर्ज काढता यावे, अशी खास सवलत तिथल्या गृहकर्जाच्या मोठ्या संस्थेने, फॅनी मे हिने, ठेवलेली आहे. घर म्हणजे पैशाचे पाकीट समजून लोक त्यातून वारंवार पैसा काढू लागले, आणि घरांच्या किमती उतरताच २००८ साली केवढा अनर्थ झाला, हेही आपण वर्तमानपत्रांतून वाचले. पण वाचकहो, घर घ्यायचे आणि त्याच घरावर पैसा उचलायचा, हा व्यवहार पुण्याला नवा नाही. पेठांतल्या वाड्यांच्या कागदांत तो शतकानुशतके आहे. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. कायद्याचा पंडित नव्हे. पण इतिहास शिकवता शिकवता आणि कादंबऱ्यांसाठी जुनी दप्तरे उलगडता उलगडता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती या दिवाळीत सांगावीशी वाटते. घर गहाण टाकणे कोणत्याही काळात सोपेच होते. अवघड होते ते सोडवणे. गहाणाचा खरा इतिहास म्हणजे सोडवणुकीच्या हक्काचा इतिहास होय.

प्रथम शब्दच पाहा. गहाण हा शब्द ग्रहण या संस्कृत शब्दापासून आला. घेणे, धरून ठेवणे. इंग्रजांचा मॉर्गेज हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा अर्थ 'मेलेले तारण' असा आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर कर्जदाराच्या दृष्टीने ती मालमत्ता मेली, असा त्याचा खुलासा जुने इंग्रज कायदेपंडित करीत. दोन्ही शब्दांत भीती एकच आहे. दिलेली वस्तू परत येईल की नाही?

आपल्या स्मृतिकारांनी या भीतीचा विचार फार पूर्वी केला होता. याज्ञवल्क्याने गहाणाचे, म्हणजे त्याच्या भाषेत 'आधी'चे, दोन प्रकार मानले आहेत. एक नुसता जपून ठेवायचा. दुसरा सावकाराने उपभोगायचा, म्हणजे शेत असेल तर पीक खायचे, घर असेल तर राहायचे. पहिल्या प्रकारात व्याज वाढत वाढत रक्कम दुप्पट झाली आणि तरीही वस्तू सोडवली नाही, तर ती गेली. दुसऱ्या प्रकारात मात्र ती कधीच जात नाही. सावकार फळ खातोच आहे, मग त्याला वस्तूही कशाला? याच विचारसरणीतला दामदुपटीचा नियम महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला. एका वेळी थकलेले व्याज मुदलाहून अधिक मागता येत नाही, हा तो नियम. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या कोर्टांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला.

पेशवाईत पुणे वाढले ते तलवारीवर, तसेच कर्जावरही. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमा सावकारांच्या पैशावर चालत आणि धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू तसेच धनकोही होते. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले. अंतकाळी त्यांनी कारभाऱ्यांना जी कलमे घालून दिली, त्यांत दौलतीचे कर्ज फेडण्याचे कलम होते. अठ्ठाविसाव्या वर्षी देह ठेवणाऱ्या माणसाला त्या घटकेला कर्ज आठवावे, यातच त्याची थोरवी आहे. राज्याची ही गत, तिथे पेठेतल्या गृहस्थाची काय कथा! मुंज, लग्न, काशीयात्रा, नाहीतर नव्या दुकानाचे भांडवल. पैसा उभा करायचा तर वाड्याचा कागद घेऊन पेढीवर जायचे.

त्या कागदांची नावे आजही आपल्या बोलण्यात आहेत. नजरगहाण म्हणजे घर कर्जदाराच्याच ताब्यात राहते, सावकाराची नुसती नजर त्यावर. ताबेगहाण म्हणजे घराचा कबजा सावकाराकडे, आणि भाडे हेच त्याचे व्याज. सर्वांत घातक तिसरा प्रकार, मुदतखरेदी. यात गहाणाला विक्रीचा पोशाख चढवायचा. अमुक सालापर्यंत पैसे परत दिले तर घर परत, नाही दिले तर विक्री पक्की. याच जातीची एक अट जुन्या गहाणखतांत असे, तिला गहाणलहाण म्हणत. मुदत टळली की गहाण ते लहाण, म्हणजे मालमत्ता सावकाराची झाली. एक दिवसाचा उशीर आणि दोन हजारांच्या कर्जात पाच हजारांचा वाडा गेला.

आणि कर्ज फिटले म्हणजे सावकार जो कागद लिहून देई, त्याचे नाव फारखत. माझे काही येणे उरले नाही, असे धनकोच्या हातचे लेखी. जुन्या माणसांना फारखत गहाणखतापेक्षा मोलाची वाटे आणि ती देवघरातल्या पेटीत राही.

इंग्रजी राज्य आले आणि कोर्टे बसली. १८६२ साली मुंबईला हायकोर्ट स्थापन झाले. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, त्याच्यापुढे रामजी विरुद्ध चिंतो हा दावा आला. त्यातला कागद गहाणलहाणाचाच होता. मुदत टळली होती, आणि कागदाच्या अक्षराप्रमाणे मालमत्ता सावकाराची झाली होती. परंतु हायकोर्टाने असे ठरवले की, कागद मुळात कर्जाच्या तारणासाठी केला असेल तर तो गहाणच. अट कशीही लिहिली असली तरी मुदलासह व्याज देऊन सोडवण्याचा हक्क मरत नाही. एकदा गहाण ते कायम गहाण, हे इंग्लंडच्या न्यायासनांचे तत्त्व मुंबई इलाख्यातल्या गहाणांना लागू झाले. सगळ्यांना ते रुचले असे नाही. १८७० आणि १८७५ मध्ये मद्रासकडच्या दाव्यांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निराळा सूर लावला. करार जसा लिहिला तसा पाळला पाहिजे, कोर्टांनी त्यात हात घालायला नको होता, असा त्याचा आशय. पण मुंबईच्या हायकोर्टाने आपला पायंडा सोडला नाही.

हायकोर्टात हे वाद चालू असताना पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्यांची वार्ताही नव्हती. त्याच्यापर्यंत कोर्ट पोचत होते ते जप्तीच्या रूपाने. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते तोपर्यंत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिले, आणि लोकांनी जमिनी गहाण टाकून ते घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला. मग तेच कागद कोर्टात उभे राहिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांनी प्रामुख्याने काय जाळले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाची खते जाळली. आपली जमीन एका कागदात अडकली आहे आणि तो कागद आपल्याला कधीच परत मिळणार नाही, अशी ज्यांची खात्री झाली होती, त्यांनी सोडवणुकीचा हाच एक मार्ग उरला असे मानले.

सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागला. कोर्टाने नुसत्या खतावर विसंबू नये; व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन खरे मुद्दल किती आणि व्याजाची भर किती, हे तपासावे, असा त्याचा रोख होता. पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला. गहाण सोडवण्याचा हक्क त्याच्या ६० व्या कलमात स्वच्छ लिहिला गेला. मुंबई इलाख्याला मात्र तो कायदा १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला.

इथपर्यंतची हकीकत वाचून वाटेल की आता प्रश्न मिटला. तो मिटला नाही, हे मी आमच्या घरातल्या कागदांवरून सांगू शकतो. माझे पणजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. पेन्शनीत निघाल्यावर, १९३३ साली, त्यांनी नारायण पेठेत एक लहानसे दुमजली घर साडेचार हजार रुपयांना रोख घेतले. आयुष्याची कमाई एका खरेदीखतात आली. पुढच्याच वर्षी धाकट्या भावाला दुकान घालायला भांडवल हवे झाले. पणजोबांपाशी घर होते, पैसा नव्हता. ते एका सावकाराकडे गेले. त्याने दोन हजार रुपये दिले, पण गहाणखत नको म्हणाला. "हा नुसता कागद हो, रावसाहेब; घर तुमचेच," असे म्हणून त्याने खरेदीखत करून घेतले. तीन वर्षांत पैसे आणून दिल्यास घर परत विकीन, असा करार निराळ्या कागदावर दिला. आणि तिसरा कागद भाडेचिठ्ठीचा. पणजोबांनी आपल्याच घरात पंधरा रुपये महिन्याने भाडेकरू म्हणून राहायचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा बारा आणे व्याज काढले तर बरोबर पंधरा रुपयेच येतात. म्हणजे भाडे हे व्याजाचेच दुसरे नाव होते.

१९३७ साली मुदत भरली. दुकानाचा पैसा वसूल व्हायला वेळ लागला, आणि पणजोबा दोन महिने उशिरा रक्कम घेऊन गेले. सावकाराने ती घेतली नाही. दावा लागला, आणि तो पणजोबा हरले. कारण असे की १९२९ साली कायद्यात एक दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल १९३० पासून अमलात आली होती. परत देण्याची अट विक्रीच्याच कागदात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण समजू नये, असे तीत म्हटले होते. त्याआधी दोन कागद जोडून वाचून 'हे खरे गहाणच' असे कोर्टाला म्हणता येई. आता एक कागद विक्रीचा आणि दुसरा कराराचा म्हटल्यावर एकदा गहाण ते कायम गहाण हे तत्त्व तिथे पोचेना. शेतकरी असते तर १८७९ च्या कायद्याने व्यवहाराचे खरे स्वरूप तपासले गेले असते. पेठेतल्या पेन्शनराला तो आधार नव्हता. त्या सावकाराने कायदा मोडला नाही. त्याने तो आमच्या पणजोबांपेक्षा अधिक बारकाईने वाचला होता.

पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. आमची माणसे त्याच घरात भाडेकरू म्हणून राहिली. १९४७ साली मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले. अशा रीतीने दोन हजारांच्या कर्जाचे व्याज म्हणून ठरलेले ते पंधरा रुपये त्या घराचे कायदेशीर भाडे होऊन गोठले. ज्या कायद्याच्या राज्यात घर गेले, त्याच राज्यातल्या दुसऱ्या कायद्याने छप्पर राखले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पाण्यात ते घर बसले. कोणाचे होते आणि कोणाचे नव्हते, हा वाद त्यानंतर कोणी काढला नाही. तीन कागद मात्र आजीने लुगड्याच्या बोचक्यात बांधून वर नेले होते, म्हणून मला वाचायला मिळाले.

सावकाराला पर्याय काढण्याचे कामही पुण्यात याच काळात चालू होते, हे विसरता कामा नये. सहकाराचा कायदा १९०४ मध्ये झाला आणि १९०६ साली पुण्यात कॉसमॉस संस्था निघाली. १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. फर्ग्युसनचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. फेब्रुवारी १९३६ मध्ये ती उघडली. पण भाडे गोठलेल्या, भाडेकरूंनी भरलेल्या, दहा वारसांच्या नावे असलेल्या वाड्यावर कोणती बँक उत्साहाने पैसा देणार? वाड्याची किंमत कागदावर होती. बाजारात ती मोकळी करता येत नव्हती. पेठांतल्या कित्येक घरमालकांनी ही स्थिती पिढ्यान् पिढ्या भोगली.

हे चित्र फ्लॅटने पालटले. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी सदनिकांचा कायदा झाला. एका मजल्याच्या एका तुकड्याच्या विक्रीलाही रीतसर कागद आला. भाग निराळा, कागद निराळा. १९७७ मध्ये ह. ठा. पारेख यांनी केवळ घरांसाठी कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था काढली. (ती २०२३ च्या जुलैत त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली.) नोकरदार माणसाला पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्याने घर मिळू लागले. गहाणाची रीतही बदलली. मूळ कागद बँकेत ठेवले की गहाण झाले, ही पद्धत पूर्वी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा व्यापारी शहरांपुरतीच असे. सरकारी जाहीरनाम्यांनी ती इतर शहरांना मिळत गेली, आणि आज पुण्यात तीच सर्रास चालते. २०१३ पासून महाराष्ट्रात अशा कागद ठेवण्याची सूचना तीस दिवसांत नोंदणी कचेरीत द्यावी लागते. त्यामुळे एकच घर दोन ठिकाणी गहाण टाकणाऱ्या लबाडाला चाप बसला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. रोखीने घेतलेल्या फ्लॅटवर कर्ज काढावे की नाही? नैतिक उपदेश करण्यापेक्षा आपण पाटीवर गणित मांडू. समजा, फ्लॅट साठ लाखांचा आहे आणि भाडे महिना पंधरा हजार येते. त्यावर छत्तीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी मिळाले. हप्ता सुमारे ३६,५०० रुपये बसतो. भाडे सारेच्या सारे हप्त्यात घातले तरी दरमहा साडेएकवीस हजार खिशातून जातात. म्हणजे भाडेकरू आपले कर्ज फेडील, ही समजूत खोटी ठरते. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत वीस वर्षांची केली, तर तो सुमारे ३२,४०० वर येतो. पण वीस वर्षांत भरलेले व्याज पावणेबेचाळीस लाखांच्या घरात जाते, मुदलाहूनही अधिक. दामदुपटीचा नियम थकलेल्या व्याजापुरता आहे, वेळेवर भरलेल्या व्याजाला तो आड येत नाही. तेव्हा यात बेकायदा काहीच नाही. तरी याज्ञवल्क्याने दुपटीपाशी रेघ का ओढली असेल, याचा विचार गृहस्थाने करायला हरकत नाही.

मोकळा झालेला पैसा नऊ टक्क्यांहून अधिक आणि खात्रीने मिळवणार असेल, किंवा एखादे जीवनमरणाचे काम त्यावाचून अडले असेल, तर घर तारण ठेवण्यात कमीपणा नाही. व्यापारी हेच करतो आणि त्याची वहीपूजा लटकी नसते. पण पैसा हाती आहे म्हणून तिसरा फ्लॅट, मग त्याच्यावर कर्ज आणि चौथा, अशी साखळी करणाऱ्याने लक्षात ठेवावे की भाडे सहा महिने बंद पडले तर साखळीची प्रत्येक कडी एकाच दिवशी ओढली जाते. १८६५ नंतर कापसाचे भाव उतरले तेव्हा भीमथडीत हेच झाले.

आणि सोडवणुकीचा हक्क आज कुठे आहे? हा प्रश्न व्याजदराहूनही मोठा आहे. २००२ साली सरफेसी नावाचा कायदा झाला. त्यान्वये हप्ते थकून कर्ज बुडीत धरले गेले, की बँक साठ दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावता घराचा ताबा घेऊ शकते. १८८२ च्या कायद्याने लिलावाची विक्री कायम होईपर्यंत कर्जदाराला पैसे भरून घर सोडवण्याची वाट मोकळी असे. २०१६ च्या दुरुस्तीने सरफेसीखाली ती वाट लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपते, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मधल्या निकालात हेच पक्के केले. नोटीस छापून आल्यावर पैसे घेऊन गेलेल्या माणसाला आता सोडवणुकीचा हक्क उरत नाही. माझ्या पणजोबांचा दोन महिन्यांचा उशीर मला इथे आठवतो.

तथापि चित्र सगळेच काळे नाही. २०१२ पासून, बदलत्या व्याजदराचे घरकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम आहे. आणि ज्या सप्टेंबर २०२३ मध्ये एक दार अरुंद झाले, त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने दुसरे उघडले. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत केले पाहिजेत. उशीर बँकेचा असेल तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. ताबेगहाणाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे ठरवले की, नुसती वर्षे उलटली म्हणून ते सोडवण्याचा हक्क बुडत नाही; पैसे चुकते केल्यावरच तिथे मुदतीचा प्रश्न येतो. उपभोगायचा आधी कधीच नाहीसा होत नाही, असे याज्ञवल्क्य म्हणत होता, त्याच्याजवळच आपण दीड-दोन हजार वर्षांनी येऊन पोचलो.

म्हणून माझ्या ओळखीत कोणी रोखीचे घर तारण ठेवायला निघाला, की मी त्याला व्याजाचा दर शेवटी विचारायला सांगतो. आधी चार गोष्टी विचाराव्यात. ज्यावर सही करायची तो कागद गहाणाचा आहे, की विक्रीचा? भाडे बंद पडले तर किती महिन्यांचे हप्ते आपण पदरचे भरू शकू? मुदतीपूर्वी फेडायचे म्हटले तर काय द्यावे लागेल? आणि शेवटचा हप्ता गेल्यावर मूळ कागद कोणत्या शाखेतून, कोणाच्या सहीने मिळतील? खाजगीत पैसा देणारा कोणी "हा नुसता कागद" म्हणून खरेदीखत पुढे करील, तर त्याचा चहा पिऊन उठावे. त्याची गोडी चहापुरतीच असते.

ज्याला या चारांची उत्तरे लेखी मिळाली, त्याने खुशाल कर्ज काढावे, पैसा कामाला लावावा आणि निर्धास्त दिवाळी करावी. कर्ज फिटेल त्या दिवशी बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्यावा, गहाणमुक्तीची नोंद करून घ्यावी, घरावरचा बोजा कमी झाल्याचे उताऱ्यावर पाहून यावे. जुनी माणसे याच कागदाला फारखत म्हणत आणि मुलांना दाखवून ठेवीत. आपणही मुलांना घर दाखवतो. त्याच्याबरोबर तो कागदही एकदा वाचून दाखवावा.